मित्राचा गोल दिला नाही, आता मित्र बोलत नाही

पत्र:

ताई, आमच्या हॉकी क्लबच्या दोन टीम आहेत आणि दर शनिवार-रविवार लीगच्या मॅच असतात. गुडघ्याचं लिगामेंट गेल्यापासून माझं खेळणं बंदच झालंय, तर क्लबवाल्यांनी माझ्या हातात शिट्टी दिली. आमच्या लीगमध्ये दोन्ही क्लबांनी एकेक अंपायर द्यायचा असतो, बाकी कोणी तयार होत नाही, म्हणून आता प्रत्येक वीकेंडला मीच. गेल्या रविवारी पेनल्टी कॉर्नरवर (गोलजवळच्या फाउलनंतर गोलच्या रेषेवरून बॉल देऊन शॉट मारायचा चान्स मिळतो तो) आमच्या कॅप्टनने जोरात हिट मारला, बॉल बोर्डच्या वरून जाळीत गेला, मी गोल दिला नाही. तो म्हणत होता की डिफेंडरच्या स्टिकला लागून वर गेला. मला तर बॉल आधीपासूनच वर जाताना दिसला. ती मॅच आम्ही एका गोलने हरलो. हा कॅप्टन माझा शाळेपासूनचा मित्र आहे. सगळ्यांसमोर ओरडला, "तू नक्की कोणाचा आहेस?" रात्री ग्रुपवर माझ्या नावाने चष्म्याचे फोटो टाकून झाले. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. अंपायरिंग सोडू का? खरं सांगायचं तर क्लबच सोडावासा वाटतोय.
– शिट्टीवाला

उत्तर:

अरे शिट्टीवाल्या,

क्लब सोडायचं तूर्त डोक्यातून काढून टाक. खेळता येत नसतानाही तू दर वीकेंडला ग्राउंडवर जातोस यावरूनच कळतंय की तुला त्या लोकांत राहायचंय, आणि एका बॉलवरून आणि चार चष्म्यांच्या फोटोंवरून शाळेपासूनचा मित्र आणि क्लब दोन्ही सोडून बसलास तर सीझन संपेपर्यंत तुलाच करमणार नाही.

आता तो गोल. पत्र वाचून वाटतंय की रात्री झोपताना अजून तोच बॉल डोळ्यासमोर येत असणार, म्हणून आधी तेवढं निस्तरू. पेनल्टी कॉर्नरला पहिला शॉट हिट असेल तर बॉल गोललाइनवर 460 मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, म्हणजे गोलच्या मागच्या बोर्डच्या उंचीच्या आत हवा. पुश किंवा ड्रॅगफ्लिक (बॉल स्टिकवर ओढत आणून उचलून फेकणं) असेल तर ही अट नाही, म्हणून ड्रॅगफ्लिकवाले वरच्या कोपऱ्यात बॉल घालतात आणि तो गोल धरतात, आणि तेच बघून हिट मारणाऱ्यांनाही वाटतं की आपलाही धरायला हवा. आता तुझ्या मित्राचं म्हणणं की डिफेंडरला लागून वर गेला. बॉल खालून बोर्डच्या उंचीत जात होता आणि स्टिकला लागून उडाला असेल तर गोल, तिथे त्याचं बरोबर. पण बॉल मुळातच वर निघाला होता आणि तसाच वरून गोलमध्ये जाणार होता, तर मध्ये कोणाच्या स्टिकला लागो नाहीतर अंगाला लागो, गोल नाही, डिफेन्सला फ्री हिट. नियमात हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे स्टिकला लागला की नाही यावर तुम्ही दोघं भांडताय पण मुद्दा तो नव्हताच, मुद्दा होता लागायच्या आधी बॉल कुठे चालला होता, आणि तू लिहितोस की आधीपासूनच वर जात होता. मग तुझ्या डोळ्यांना जे दिसलं त्यावरून निर्णय बरोबर आहे. विषय संपला.

पण हे सगळं त्याला समजावून सांगायला अजिबात जाऊ नकोस. नियमाचा स्क्रीनशॉट पाठवायचा मोह होईल, तो आवर. निर्णयावर चर्चा करायला बसलास की तू अंपायर राहत नाहीस, वादातला एक पक्ष होतोस, आणि मग पुढच्या रविवारी प्रत्येक शिट्टीनंतर कोणीतरी पुरावा मागणार. तुला बोलायचंय ते त्याच्या ओरडण्यावर. निर्णय चूक असता ना, तरी ओरडणं चूकच होतं. या दोन गोष्टी तू पत्रात एकत्र कालवल्यायस, म्हणून इतका त्रास होतोय. गोलबद्दल मनात शंका आली की वाटतं जाऊ दे, त्याचं ओरडणं बरोबरच असेल, आणि ओरडणं आठवलं की पुन्हा गोलबद्दल शंका.

आणि तो नुसता खेळाडू नाहीये, कॅप्टन आहे. दंडावर ती पट्टी बांधायला लावतात ते फोटोत छान दिसावं म्हणून नाही. नियमपुस्तकात लिहिलंय की टीममधल्या सगळ्यांच्या वागण्याला कॅप्टन जबाबदार, आणि ती जबाबदारी पाळली नाही तर कार्ड कॅप्टनला. तोच सगळ्यांसमोर ओरडला तर बाकीचे दहा जण काय शिकणार? पुढच्या शिट्टीला राइट हाफ ओरडणार, त्याच्या पुढच्याला बेंचवरून कोणीतरी. रविवारी असंच झालं असणार, तू लिहिलं नाहीस तरी मी पैज लावते.

मग तू काय केलंस त्या वेळी? पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही, म्हणजे बहुतेक गप्प राहिलास. ग्रीन कार्ड खिशात असतं ते वापरायलाच असतं रे. ग्रीन म्हणजे दोन मिनिटं बाहेर, तेवढा वेळ टीम एक माणूस कमी. येलो म्हणजे किमान पाच मिनिटं. रेड म्हणजे मॅच संपेपर्यंत गेला. "तू नक्की कोणाचा आहेस" हे सगळ्यांच्या देखत अंपायरला ओरडून विचारणं म्हणजे सरळसरळ ग्रीन, आणि तो मित्र आहे म्हणून तर नक्कीच, कारण समोरची टीम बघत असते ना, की आपल्या क्लबच्या माणसाला हा कसा वागवतो. दोन मिनिटं तो बाहेर बसला असता, पाणी प्यायला असता, डोकं थंड झालं असतं, आणि रात्री चष्म्याचे फोटो टाकायची हिंमत कोणाला झाली नसती. कार्ड दाखवलं की मैत्री तुटेल असं वाटतं आपल्याला, पण तू कार्ड दाखवलं नाहीस आणि तरी तो बोलत नाहीच आहे, नाही का.

आता येत्या वीकेंडला काय करायचं ते सांगते.

टॉसच्या वेळी दोन्ही कॅप्टनना एकत्र उभं कर आणि दुसऱ्या अंपायरसमोर एकच वाक्य बोल: काही विचारायचं असेल तर फक्त कॅप्टनने, नीट शब्दांत, खेळ थांबलेला असताना; बाकी कोणाचा आवाज आला तर कार्ड. बास. हसत हसत सांग पण सांग. भाषण नको, लोकांना वॉर्म-अप करायचा असतो.

मग पहिली दहा मिनिटं. सगळी मॅच तिथेच ठरते असं माझं मत आहे. पहिल्या दहा मिनिटांत जे चालवून घेतलंस ते शेवटपर्यंत चालणार. कोणी फ्री हिटला पाच मीटर लांब जात नसेल, मुद्दाम बॉलवर रेंगाळत असेल, तर पहिल्यांदाच धर. पहिल्या क्वार्टरला सोडून दिलं आणि चौथ्यात अचानक कार्ड काढलंस तर लोक भडकणारच, आणि त्यात थोडी चूक तुझी असेल. मॅच 15 मिनिटांच्या चार क्वार्टरची असो नाहीतर तुमच्याकडे अजून 35-35 च खेळत असोत, सुरुवातीची शिस्त महत्त्वाची.

शिट्टी जोरात वाजव. नवीन अंपायरची शिट्टी ऐकूनच कळतं की याला खात्री नाहीये, ती कशीबशी फुर्र करून येते, आणि तो अर्धवट आवाज ऐकला की स्ट्रायकर लगेच हात वर करून तुझ्याकडे वळतो. आधी जोरात शिट्टी, मग हात स्पष्ट, मग गप्प. पेनल्टी कॉर्नर द्यायचा असेल तर दोन्ही हात गोलकडे सरळ, अर्धवट कोपरात वाकवलेले नकोत. अॅडव्हान्टेज देत असशील तर ज्या टीमला फायदा आहे तिच्या दिशेने हात उंच धर आणि तोंडाने पण "अॅडव्हान्टेज, खेळा" म्हण, नाहीतर लोकांना वाटतं तुला फाउल दिसलाच नाही. निम्मा आरडाओरडा केवळ याच गैरसमजातून होतो.

दुसरं, फूट. बॉल कोणाच्याही बुटाला लागला की अकराच्या अकरा जण "फूट! फूट!" करतात, सोबत बेंच, सोबत बाहेर उभे असलेले घरचे लोक. पण पायाला लागला म्हणजे फाउल असं नाहीये. त्यातून फायदा झाला, किंवा मुद्दाम पाय घातला, तर फाउल. जवळून कोणी बॉल पायावर मारला आणि तो निघून समोरच्याकडेच गेला, तर खेळ चालू. उंच स्टिकचंही तसंच. जुने खेळाडू अजून "स्टिक्स!" म्हणून ओरडतात, पण आता खांद्याच्या वरून बॉल खेळता येतो, डेंजर नसेल तर. ऑफसाइड 1996 ला गेला आणि सेल्फ पास, म्हणजे फ्री हिट घेऊन स्वतःच बॉल पुढे नेणं, 2009 ला आला, तरी सेल्फ पासला "अरे दोनदा टच झाला" म्हणणारे व्हेटरन मी पाहिलेत. म्हणजे तुझ्यावर ओरडणाऱ्यांतले निम्मे त्यांच्या तरुणपणीचे नियम खेळतायत. इंटरनॅशनल फेडरेशनचं नियमपुस्तक फुकट मिळतं, डाउनलोड करून फोनमध्ये ठेव, मॅचच्या आदल्या रात्री पेनल्टी कॉर्नरचा भाग वाच, सगळे वाद तिथेच होतात. तिथला अजून एक सांगून ठेवते कारण तो तुझ्या वाट्याला येणारच: पहिल्या शॉटला डिफेंडर पाच मीटरच्या आत असेल आणि बॉल गुडघ्याच्या खाली लागला तर पुन्हा पेनल्टी कॉर्नर, गुडघ्याला किंवा त्याच्या वर लागला आणि तो नीट उभा होता तर शॉट डेंजर, डिफेन्सला फ्री हिट. यावर दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलणार, तू गुडघ्याकडे बघ.

उभा कुठे राहतोस हे तू लिहिलं नाहीस. दुसरा अर्धा भाग आपल्या डाव्या हाताला ठेवायचा आणि बॉल डीकडे, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाकडे, आला की तूही बॅकलाइनकडे सरकायचं, कारण 25 मीटर लांबून बोर्डची उंची ठरवता येत नाही आणि खेळाडूंनाही दिसतं की तू लांब आहेस. जवळ उभ्या असलेल्या अंपायरचा चुकलेला निर्णय लोक पचवतात, लांबून दिलेला बरोबर निर्णयही पचवत नाहीत. अन्याय आहे, पण आहे हे असंय. आणि तुझ्या अर्ध्या भागातला गोल, पेनल्टी कॉर्नर, स्ट्रोक हे निर्णय तुझेच, तरी शंका असेल तर खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आधी दुसऱ्या अंपायरकडे बघायला, दोन पावलं जाऊन विचारायला काही कमीपणा नाही. मॅचच्या आधीच त्याच्याशी ठरवून ठेवा की स्टिकला लागलं वगैरे दिसलं तर तो काय खूण करेल. मोठ्या मॅचना व्हिडिओ अंपायर असतो, तुम्हाला तो एकच माणूस आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

आता जरा न आवडणारा प्रश्न विचारते. आपल्या क्लबवर तू जास्त कडक होतोस का? स्वतःच्याच टीमच्या मॅचला शिट्टी वाजवणाऱ्यांचं असं खूप वेळा होतं, पक्षपाती दिसू नये म्हणून पन्नास-पन्नासचे सगळे निर्णय समोरच्या टीमला जातात. हे प्रामाणिकपणा वाटतो पण तोही पक्षपातच, फक्त उलटा, आणि टीममेट्सना तो बरोबर जाणवतो, मग "तू कोणाचा आहेस" हे त्याच रागातून बाहेर येतं. मी असं म्हणत नाही की तुझ्याकडून तसं झालं. प्रत्येक मॅचनंतर घरी जाताना दोन-तीन अवघड निर्णय आठव आणि शर्टांचे रंग उलटे करून बघ, तरी तेच दिले असते का. रविवारचा गोल उलट्या रंगातही तसाच दिला नसता असं तुला वाटत असेल तर निवांत राहा.

क्लबचं बघ आता. "बाकी कोणी तयार होत नाही" हे वाक्य वाचून मला जरा रागच आला. तू जखमी आहेस, रिकामा नाहीस. सेक्रेटरीला किंवा जो कोणी टीमशीट बनवतो त्याला सांग की मी सीझनच्या इतक्याच मॅच करणार, आणि उरलेल्या बाकीच्यांनी वाटून घ्यायच्या: पहिल्या टीमच्या प्रत्येकाने दुसऱ्या टीमच्या मॅचला एकदा तरी शिट्टी वाजवायची, दुसऱ्यांनी पहिल्यांच्या. कॅप्टनसकट. हा उपाय मी ज्या ज्या क्लबला सुचवलाय तिथे आधी सगळे तोंड वाकडं करतात आणि मग पहिल्या पेनल्टी कॉर्नरला स्वतः उभं राहिल्यावर आवाज बसतात. शेजारच्या क्लबशी अदलाबदल जमते का तेही बघा, तू त्यांच्या मॅचला जायचं, त्यांचा माणूस तुमच्या. म्हणजे निदान मित्रांच्या मॅचला तू नसशील. लीगचा अंपायरिंगचा कोर्स असेल तर त्याची फी क्लबने भरायची, हेही आत्ताच मागून घे, तुझी गरज आहे तोवर लोक ऐकतात.

ग्रुपवर काही उत्तर देऊ नकोस, "हाहा" सुद्धा नको. सेक्रेटरीला एकट्याला मेसेज कर की मॅचच्या दिवशी ग्रुपवर अंपायरबद्दल काही टाकायचं नाही असा नियम करा, नाहीतर पुढच्या वीकेंडला दुसरा माणूस शोधा. धमकी वाटली तरी चालेल. ती आहेच.

राहिला मित्र. फोन कर, मेसेज नको, मेसेजमध्ये माणसं स्वतःच्याच रागाच्या आवाजात वाचतात. मॅचच्या दिवशी नको, प्रॅक्टिसच्या आधी तर नकोच कारण तिथे बाकीचे असतात आणि तो कॅप्टन म्हणूनच बोलेल. मधल्या एखाद्या वारी संध्याकाळी भेट. आणि बोलायचं साधारण असं: "गोलबद्दल मी बोलणार नाही, मला जे दिसलं ते दिलं, पुढेही देणार. पण सगळ्यांसमोर तू मला विचारलंस की मी कोणाचा आहे, ते मला लागलं. तू कॅप्टन आहेस, तू ओरडलास की सगळे ओरडतात, आणि मग मला पुढच्या मॅचला उभं राहता येत नाही. पुन्हा झालं तर मी कार्ड काढणार, हे तुला आधीच सांगून ठेवतोय." एवढं बोलून थांब. तो गोलवर येणार, येणारच, "पण लागला होता रे" म्हणणार. तेव्हा "असेल, मला नाही दिसला" एवढंच. वाद जिंकायला गेलास तर मित्र हरेल आणि आठवडाभर पुन्हा तेच.

त्याच्या बाजूने पण एक गोष्ट सांगते. हरलेल्या मॅचचं कॅप्टनला सगळ्यात जास्त लागतं, आणि स्वतः मारलेला गोल गेला की डोकं ठिकाणावर राहत नाही. म्हणून तो ओरडला ते माफ करता येईल. मॅच संपल्यावर इतके दिवस बोलत नाही, ग्रुपवर फोटो चालू दिले, हे मात्र हॉकीचं नाही, हे त्याचं वागणं झालं, आणि त्याबद्दल त्याच्याकडून सॉरी यायला हवं. तू आधी फोन केलास म्हणजे सॉरी पण तूच म्हणायचं असं नाही.

हे सगळं करून बघितलंस आणि सीझनच्या ब्रेकपर्यंत काही बदललं नाही, क्लब रोस्टर करत नाही, कॅप्टन ओरडतोच आहे, तर शिट्टी ठेव खाली. क्लब सोडायची गरज तेव्हाही नाही. कीपरला कोचिंग दे, दुसऱ्या टीमचा मॅनेजर हो, पेनल्टी कॉर्नरचे व्हिडिओ काढ, गुडघा नसलेल्या माणसाला क्लबमध्ये काम कमी नसतं.

आणि गुडघ्यावरून आठवलं. अंपायरिंग म्हणजे आराम नाही, एकदम वळणं, उलटं पळणं, बाजूला पळणं सगळं असतं आणि ओल्या टर्फवर पाय सटकतो. लिगामेंट गेलंय म्हणतोस, मग फिजिओने शिट्टी घेऊन पळायला परवानगी दिलीय का, की त्याला माहीतच नाही तू दर रविवारी काय करतोस? या आठवड्यात विचारून घे, आणि तो नाही म्हणाला तर येत्या वीकेंडच्या मॅचला अंपायर कोण ही क्लबची काळजी.

– ताई